फोनातलं एकत्र घर

आमची धाकली सेलूला राहायला गेली, त्या दिवशी तिने मला तिचा जुना फोन दिला. धाकली म्हणजे माझी जाऊ, लहान दिराची बायको. बाहेर टेम्पोत सामान चढत होतं. दोघे भाऊ, म्हणजे माझे मालक आणि दीर, एकच कपाट दोन बाजूंनी धरून चालले होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातात फोन ठेवून म्हणाली, "अक्का, ह्याच्यात सिम न्हाई. निस्तं घर हाय. तेवढं चालू ठिवा. बंद पडू देऊ नका."

मी मान हलवली.

घर म्हणजे फोनातला खेळ. त्यात आपणच घर बांधायचं, आपणच माणसं करायची आणि ती सांभाळायची. माणसांना भूक लागते, झोप येते, अंघोळ करावी लागते. कुणी बोललं नाही तर ती उदास होतात. माणसावर बोट ठेवायचं आणि काय करायचं ते चित्रावरून सांगायचं. सांगितलेली कामं वरच्या बाजूला बारीक चित्रांच्या ओळीत उभी राहतात. एक काम उरकलं की माणूस पुढच्या कामाला लागतो. खेळातली अक्षरं इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेली. मराठी हळूहळू वाचते, इंग्रजी येत नाही. पण धाकलीने मला चित्रं शिकवली होती. ताट म्हणजे जेवण, पलंग म्हणजे झोप, दोन तोंडं समोरासमोर म्हणजे गप्पा.

ती लग्न होऊन आली तेव्हा मला या घरात बरीच वर्षं झाली होती. मी घरात आहे हे लोकांना भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. बोलायची सवयच नाही मला. कुणी काही विचारलं तर उत्तर जुळवेपर्यंत विचारणारा निघून जायचा. धाकली तशी नव्हती. ती उत्तरासाठी थांबायची. नाही आलं तर स्वतःच माझं उत्तर द्यायची आणि मग त्यावर हसायची.

दुपारी जेवणं झाली, पुरुष माणसं शेतात गेली आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, आडव्या झाल्या की ती माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा तिने विचारलं, "अक्का, तुमाला कसं घर पायजे?"

असं मला कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "जसं हाय तसं."

"जसं हाय तसं तर हायच की. फोनात कशाला बांधायचं मंग?"

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की चुलीजवळ खिडकी पाहिजे. धूर जायला. ती म्हणाली, खेळात धूर होत नाही. तरी तिने खिडकी केली, तीही मोठी, आणि खिडकीबाहेर एक झाड लावून दिलं.

मग माणसं केली. आत्याबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी, माझा मुलगा, तिच्या दोन्ही मुली. पुढे नणंद आणि तिचं बिऱ्हाडही आणून ठेवलं, कारण नणंद माहेराला येते तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. खेळात इतकी माणसं एका घरात बसत नाहीत म्हणे, पण धाकलीने कुठून तरी शिकून ते जमवलं. प्रत्येक माणसाला स्वभाव द्यावा लागायचा. माझी पाळी आली तेव्हा तिने मला न विचारता बोलकी निवडलं.

"असं नको," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. इथं कोण बगायलंय?"

तेव्हापासून फोनातली मी सगळ्यांशी बोलत सुटली. आत्याबाईंना विनोद सांगायची, दिराच्या खांद्यावर हात टाकायची, अंगणात जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी खरोखरच डोक्यावरचा पदर पुढे ओढला. धाकली हसून हसून भिंतीला टेकली. "बघा तर खरं, किती बोलायलात. कुणाचं ऐकंनात."

भावांचं बिनसलं ते विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून. आधी पाळी, मग बांध, मग कुणी कुणाला काय बोललं ते. शेवटी वाटण्या झाल्या. दिराला सेलूत कापसाच्या जिनिंगवर काम मिळालं आणि त्याने बिऱ्हाड हलवलं. आम्ही दोघी काही भांडलो नव्हतो. पण भाऊ बोलत नसले की जावांनी किती बोलायचं, हे कुणी न सांगता ठरलेलं असतं.

धाकलीचा फोन माझ्या मालकांच्या फोनवर यायचा, दिवेलागणीच्या सुमाराला. मालक खाटेवर बसलेले असायचे. तिकडे दीर घरी आलेला असायचा. शेताचं बोलता यायचं नाही. भाऊजी कसे आहेत हे विचारलं तर मालकांची मान वळायची. महालक्ष्म्यांचंही बोलता यायचं नाही. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी, म्हणजे आमच्या घरी बसतात, आणि दोन्ही मूर्तींना साड्या नेसवायचं काम धाकलीचं. माझ्या हाताने निऱ्या बसत नाहीत. ते यंदा येणार का, हे मला विचारायचं होतं. पण ते दोघा भावांचं. आम्ही मध्ये बोलणाऱ्या कोण.

मोकळेपणाने बोलता यायचं ते फक्त फोनातल्या घराचं. दोघांनाही तो पोरखेळ वाटायचा, म्हणून त्याकडे कुणी कान द्यायचं नाही. ती विचारायची, "घर कसं हाय अक्का?" आणि मी सांगायची. नणंदेच्या मुलाने भांडं फोडलं. आत्याबाई दिवसा झोपल्या. तुझ्या थोरल्या मुलीला बक्षीस मिळालं. असं कुणाशी बोलणं मला आयुष्यात जमलं नव्हतं. हे घर बंद पडलं तर तिच्याशी बोलायला माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि ते बंद पडायला लागलं.

आधी नुसतं हळू झालं. बोट ठेवलं की माणूस थोड्या वेळाने वळायचा. मग पाय उचलायचा आणि तसाच थांबायचा, जसं काही आठवत असावा. चालता चालता एकदम दोन हात पुढे दिसायचा. मला वाटलं, ऐकलं नसेल. घरात माणसं ऐकत नाहीत तेव्हा आपण पुन्हा सांगतो, तसं मी पुन्हा सांगत राहिले. जेव, जेव, जेव. वरची चित्रांची ओळ ताटांनी भरून गेली आणि माणूस जागचा हलेना.

त्या संध्याकाळी मी धाकलीला सांगितलं. ती म्हणाली, "एकदाच सांगत जा अक्का, ती बहिरी न्हाईत. लय सांगितलं की गोंधळतेत. वरची वळ पुसून टाका आन् फोन बंद करून चालू करा."

मी तसं केलं. दोन दिवस बरं गेलं. पुन्हा तेच. मग तिने सांगितलं, फोन भरला असेल, नको ती चित्रं काढून टाका. त्या फोनात रोज सकाळी तिला आलेली फुलांची आणि देवांची चित्रं ढिगाने होती. फुलं मी काढली. देव काढायला हात होईना. धाकली म्हणाली, "देवाला राग येत न्हाई, त्येला रोज नवीन फोन असतेत." मालकांचा फोन खांद्याने कानाशी दाबून आणि हा फोन हातात धरून मी एकेक देव काढत होते, आणि ती तिकडून विचारत होती, आता कोण गेला, आता कोण गेला. मालक एकदा म्हणाले, "कशाचं इतकं बोलायल्या?" मी म्हटलं, "फोन बिघडलाय."

खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्ही कधी नव्हे इतक्या बोललो. घर चांगलं चालू होतं तेव्हा चार गोष्टी सांगून फोन संपायचा. बिघडल्यावर ती रोज फोन करायला लागली. आज काय केलं, कोण कुठं अडकलं, दारात कोण उभं आहे. मला त्याचं बरं वाटायचं, आणि घर मरत चाललंय हे बघून जीवही वर-खाली व्हायचा. दोन्ही एकाच वेळी.

कारण घराची दशा वाईट होती. माणसं न्हाणीच्या दारात एकमेकांना आडवी उभी राहिली. आत्याबाई पलंगाजवळ जाऊन उभ्यानेच झोपल्या. धाकलीच्या लहान मुलीने भुकेने रडायला सुरुवात केली. तिच्यासमोर ताट होतं, पण ती ते उचलत नव्हती. आणि माझी बोलकी बाहुली उंबऱ्यात उभी, तोंड उघडं, हात वर, तशीच. बोट ठेवलं की तिच्या डोक्यावरचं चिन्ह नुसतं लुकलुकायचं. मी कितीतरी दुपारी तिच्याकडे बघत बसले. काय करावं ते कळायचं नाही.

शेवटी धाकलीचे उपाय संपले. ती म्हणाली, "आता मला बी न्हाई समजत. ताडकळसला बाजारात तो मोबाईलवाला हाय न, त्येला दाखवा."

मी एकटी बाजाराला जाते ती भाजीसाठी. मोबाईलच्या दुकानात कधी गेले नव्हते. मालकांना म्हटलं, फोनचा आवाज येत नाही, दाखवून आणते. दुकान म्हणजे एक टपरी, समोर बाकडं, बाकड्यावर चारजण. मी बाजूला उभी राहिले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मावशी, रिचार्ज का?"

मी फोन पुढे केला. काय झालंय ते सांगायला तोंड उघडेना, म्हणून खेळ चालू करूनच दिला.

त्याने चष्मा खाली घेतला आणि बघत राहिला. "हे तुमी खेळता?"

बाकड्यावरचा एकजण वाकून बघायला लागला. "घरचं घर सोडून फोनातलं घर. बायांचं चांगलं चाललंय बाबा."

"तुजी बायको तर तुजं बी घर सांभाळायली अन् तुला बी," दुकानदार त्याला म्हणाला. मग मला म्हणाला, "मावशी, ही ताटं कशाची?"

ताटं घरभर होती. टेबलावर, ओट्यावर, अंगणात, पायऱ्यांवर. मला ती दिसत होती, पण त्यात काही चुकीचं आहे असं वाटलं नव्हतं. आमच्या घरी आधी पुरुष माणसं, मग मुलं, मग आत्याबाई, मग आम्ही दोघी, असं जेवण. खेळातल्या बायांना ते कळत नव्हतं. भूक लागली की त्या जाऊन जेवायच्या. बोलकी तर सगळ्यांच्या आधी. म्हणून मी सगळ्यांची ताटं वाढून ठेवायची आणि बायांचं जेवण दर वेळी थांबवायची. पुरुष उठले की पुन्हा सांगायची. तोवर अन्न शिळं व्हायचं, त्यावर माश्यांचं चित्र यायचं, मी नवं वाढायची. जुनं ताट टाकायचं म्हणजे अन्न टाकायचं. ते मी केलं नाही.

मी हळू आवाजात एवढंच म्हटलं, "पंगत उठल्यावर उचलावं म्हनलं."

तो हसला नाही. "ह्यातली पंगत उठत नसती, मावशी. फोनाला हे एकेक ताट ध्यानात ठिवावं लागतंय. कोण वाट बघायलंय, कुणाचं थांबवलंय, समदं. दमलाय तो."

त्याने मला कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाखवलं. तिथेच उभी राहून मी एकेक ताट त्यात टाकलं. मनात हात जोडले. मग त्याने कुठेतरी जाऊन सावल्या बंद केल्या. सावल्या दाखवायलाही फोनाला कष्ट पडतात म्हणे. माणसं बिनसावलीची झाली. थोडी हलली. आत्याबाई पलंगावर आडव्या झाल्या. पण उंबऱ्यातली बाहुली तशीच, आणि न्हाणीच्या दारातली गर्दीही तशीच.

त्याने बराच वेळ खटपट केली. मग फोन माझ्याकडे सरकवला. "आता एकच राहिलं. माणसं जास्त झाल्यात. एका घरात इतकी चालत न्हाईत. वाटे करा. निम्मी शेजारच्या घरात टाका, पळंल बघा."

"दुसरं काही?"

"दुसरं काही न्हाई. फोन जुना हाय." त्याने कोणतं चित्र दाबायचं ते दाखवलं. "कुणाला काढायचं ते मी न्हाई सांगणार. घर तुमचं हाय."

त्याने पैसेही घेतले नाहीत. मी भाजी घ्यायची विसरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते चित्र दाबलं. घरातल्या सगळ्यांचे चेहरे एका ओळीत आले, खाली दुसरी ओळ रिकामी. ज्याच्यावर बोट ठेवू तो खालच्या ओळीत जायचा. मी आधी मालकांना आणि मला खाली टाकलं. मग वाटलं, आत्याबाईंना कोण बघणार. त्यांना खाली घेतलं. मग मुलगा वर राहिला. त्याला घेतलं तर धाकलीचं बिऱ्हाड नणंदेच्या माणसांबरोबर वर राहिलं. पुन्हा सगळे वर केले. आम्हा दोघी जावांना आणि मुलांना एकीकडे ठेवून दोघे भाऊ दुसरीकडे टाकून बघितले. ते बरं दिसलं, पण घराला भाऊच नाहीत हे कसं चालेल. नणंदेचं बिऱ्हाड पलीकडच्या एका घरात हलवलं. ते हलवायला सोपं होतं, तिला तिचं सासर आहे. पण तेवढ्याने भागेना, माणसं अडकलेलीच राहिली.

मग मी दीर, धाकली आणि तिच्या दोन मुली, असे चौघे खाली टाकले. जसे टेम्पोतून गेले तसेच. दुसरं काही सुचलं नाही. नव्या घराला नाव विचारत होतं, ते मी रिकामंच सोडलं आणि हिरवं चिन्ह दाबलं.

घर चालायला लागलं. खरंच पळायला लागलं. न्हाणीचं दार मोकळं झालं, मुलगा अंघोळीला गेला, मालक जेवून उठले. उंबऱ्यातली बाहुली झटका बसल्यासारखी हलली आणि आत जाऊन आत्याबाईंशी बोलत बसली. शेजारच्या घरावर बोट ठेवलं की हे घर थांबतं आणि ते चालू होतं. तिथं धाकली फरशी पुसत होती. मी थोडा वेळ तिला बघितलं, मुलींना जेवू घातलं आणि परत आले. दोन घरं एकदम चालत नाहीत. ज्याच्याकडे आपण बघतो तेवढंच चालतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिने पहिलंच विचारलं, "गेलतात का दुकानात? काय म्हनला?"

मी सांगितलं. ताटांचं सांगितलं तेव्हा ती खूप हसली. "अवं अक्का, फोनात बी मला उपाशी ठिवलं का तुमी?" माझ्याही तोंडावर हसू आलं. मग मी वाट्याचं सांगितलं. आवाज लहान झाला असावा, कारण ती म्हणाली, "काय म्हनलात? ऐकू न्हाई आलं."

"तुमाला शेजारच्या घरात टाकलं."

मग ती म्हणाली, "बरं केलंत. आता चालायलंय न?"

"चांगलं चालायलंय."

"कुणी अडकत न्हाई?"

"न्हाई."

"मंग झालं. सुटलं एकदाचं." ती अजून काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. मलाही काहीतरी सुचावं म्हणून थांबले. तिच्याकडे टीव्ही चालू होता. तेवढ्यात दिराचा आवाज आला, "झालं का बोलून?" आणि ती म्हणाली, "झालं." मालकांनी हात पुढे केला होता. मी फोन त्यांना दिला.

त्यानंतर तिचे फोन लांबले. रोज यायचा तो आता आठवड्याने येतो. तिची चूक नाही. बिघाड होता तेव्हा तिला रोज विचारण्यासारखं काही होतं. आता घर बिनतक्रार चालतं आणि चालणाऱ्या घराबद्दल किती बोलणार. बोलताना आता शेजारच्या घराचंही सांगावं लागतं, आणि ते सांगायला मला जड जातं. म्हणून मी फक्त ह्या घराचं सांगते.

महालक्ष्म्यांना अजून वेळ आहे. मला विचारायचं आहे ते एवढंच, की येणार का. फोन येतो तेव्हा ते तोंडापर्यंत आलेलं असतं. तेवढ्यात ती म्हणते, "घर कसं हाय अक्का?" आणि मी म्हणते, चांगलं चालायलंय. ती म्हणते, बरं. मग आम्ही दोघी फोन नुसता कानाला लावून बसतो. मालक माझ्याकडे बघत असतात. मग तिकडून तिची मुलगी तिला हाक मारते, आणि ती जाते.